ब्रनोचे यानाचेक

वयाच्या अकराव्या वर्षी मठाच्या शाळेत दाखल झालेला खेड्यातील एक मुलगा पुढे त्रेसष्ट वर्षे त्याच शहराचा होऊन राहिला. राजधानीने बारा वर्षे नाकारलेल्या लेओश यानाचेक या संगीतकाराची आणि त्याला सांभाळणाऱ्या ब्रनो शहराची ही कहाणी.

झेक संगीताचा विषय निघाला की स्मेताना, ड्वोर्झाक आणि यानाचेक ही तीन नावे ओघाने येतात. पहिल्या दोघांची कर्मभूमी प्राग. तिसऱ्याने मात्र आपले सारे आयुष्य प्रागपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या ब्रनो या शहरात काढले. ब्रनो ही मोराविया प्रांताची राजधानी. कापड गिरण्यांमुळे 'मोरावियाचे मँचेस्टर' अशी तिची ओळख होती. संगीताच्या नकाशावर मात्र एकीकडे व्हिएन्ना आणि दुसरीकडे प्राग यांच्या मधले एक प्रांतिक ठाणे, यापलीकडे तिला फारशी किंमत नव्हती. अशा शहरात राहणारा संगीतशिक्षक वयाच्या साठीनंतर युरोपातील अग्रगण्य ऑपेराकारांच्या पंक्तीत जाऊन बसला. यानाचेक यांचा उल्लेख उशिरा उमललेली प्रतिभा असा नेहमी केला जातो. पण त्या उशिरामागची सारी वर्षे ब्रनोत गेली होती आणि त्या वर्षांत यानाचेक यांनी शहरात एकामागून एक संस्था उभ्या केल्या होत्या. पुढे त्यांचे संगीत जगापुढे आले ते याच संस्थांच्या खांद्यावरून.

निळ्या गणवेशातील मुलगा

यानाचेक यांचा जन्म ३ जुलै १८५४ रोजी उत्तर मोरावियातील हुकवाल्डी या खेड्यात झाला. वडील शाळामास्तर होते. त्या काळी खेड्यातील शाळामास्तराने चर्चमधील ऑर्गन वाजवावा, मुलांना गाणे शिकवावे अशी रीतच होती. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. त्यामुळे १८६५ मध्ये अकरा वर्षांच्या लेओशला ब्रनोच्या जुन्या भागातील ऑगस्टिनियन पंथाच्या मठात ठेवण्यात आले. या मठात गरीब पण गळा चांगला असलेल्या मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण मिळे. त्या बदल्यात त्यांनी चर्चमधील उपासनेत गायचे, वाजवायचे. फिक्या निळ्या गणवेशामुळे ही मुले गावात 'निळी पाखरे' अशा अर्थाच्या लाडक्या नावाने ओळखली जात.

पुढच्याच वर्षी वडील वारले आणि मठ हेच मुलाचे घर झाले. मठाच्या वृंदगानाचे संचालक पावेल क्रिझकोव्हस्की हे स्वतः नामांकित संगीतकार होते. मोरावियातील लोकगीतांवर आधारलेल्या समूहगीतांसाठी त्यांची ख्याती होती. यानाचेक यांना लोकगीतांची गोडी लागली ती येथे.

याच मठात त्या वेळी ग्रेगोर मेंडेल राहत होते. वाटाण्याच्या रोपांवरील त्यांचे प्रयोग नुकतेच पूर्ण झाले होते आणि आनुवंशिकतेचे नियम सांगणारी त्यांची दोन व्याख्याने ब्रनोतच १८६५ च्या आरंभी झाली होती. १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अंत्यविधीच्या संगीताची जबाबदारी यानाचेक यांच्याकडे होती. दोघांचे एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. एकाच प्रांतिक शहरात, एकाच मठाच्या आवारात दोघांनी आपापल्या क्षेत्रात मूलगामी काम केले आणि जगाने त्याची दखल घ्यायला वर्षानुवर्षे लावली. मेंडेल यांच्या वाट्याला ती दखल हयातीत आलीच नाही.

दोन भाषांचे शहर

यानाचेक यांच्या ब्रनोची कल्पना आजच्या ब्रनोवरून येणार नाही. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील या शहरात सत्ता, पैसा आणि प्रतिष्ठा जर्मन भाषकांच्या हाती होती. १९१० च्या जनगणनेत सुमारे सव्वा लाख लोकवस्तीपैकी दोनतृतीयांश लोकांनी जर्मन ही आपली व्यवहारभाषा नोंदविली होती. झेक भाषक प्रामुख्याने कामगार, कारागीर आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले. नगरपालिका जर्मनांची, मोठे नाट्यगृहही जर्मनांचे. १८८२ मध्ये बांधलेल्या या नाट्यगृहात एडिसनच्या विजेच्या दिव्यांची सोय होती. युरोपात अशी सोय असलेले ते पहिलेच नाट्यगृह मानले जाते. झेक रंगभूमीला स्वतःचे छप्पर मिळाले ते त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १८८४ मध्ये. तेही तात्पुरते. व्हेव्हेरी रस्त्यावरील एका नृत्यगृहाची डागडुजी करून ते उभे करण्यात आले होते.

अशा वातावरणात झेक भाषेत गाणे हीसुद्धा एक राजकीय भूमिका ठरत असे. १८७३ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, यानाचेक 'स्वातोप्लुक' या कारागिरांच्या गायन मंडळाचे संचालक झाले. १८७४-७५ मध्ये त्यांनी प्रागच्या ऑर्गन विद्यालयात शिक्षण घेतले. खिसा इतका रिकामा, की भाड्याने पियानो आणणेही परवडत नव्हते. परत आल्यावर १८७६ मध्ये 'बेसेदा ब्रनेन्स्का' या शहरातील प्रमुख झेक संगीतसंस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. आतापर्यंत पुरुषांच्या समूहगायनावर भर देणाऱ्या या संस्थेत त्यांनी स्त्रियांना आणि मठातील मुलांना सामावून घेतले, वाद्यवृंद जमविला आणि अडीचशे गायकांचा ताफा उभा केला. मोझार्टचे 'रेक्विएम' आणि बीथोव्हेनचा 'मिस्सा सोलेम्निस' यांसारख्या विशाल रचना या हौशी मंडळींनी ब्रनोच्या श्रोत्यांपुढे सादर केल्या. ड्वोर्झाक हे यानाचेक यांचे स्नेही. त्यांच्या नव्यानव्या रचनाही ब्रनोला ऐकायला मिळू लागल्या.

१८७९-८० मध्ये लायप्झिग आणि व्हिएन्ना येथे काही महिने शिकून ते परतले. १८८१ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी झ्डेन्का शुल्झ हिच्याशी विवाह केला. ती अद्याप सोळा वर्षांचीही झाली नव्हती. तिचे वडील ब्रनोच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख, म्हणजे यानाचेक यांचे वरिष्ठ. घरात जर्मन बोलले जाई. कट्टर झेकवादी जावई आणि जर्मन वळणाचे सासर यांचे जमले नाही आणि शहरातील भाषेचा तंटा थेट घरात शिरला. मुलगी ओल्गा हिच्या जन्मानंतर झ्डेन्का काही काळ माहेरी निघून गेली. पुढे समेट झाला, पण हा संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला नाही.

संस्था उभारणारा संगीतकार

यानाचेक यांच्या पुढाकाराने १८८१ मध्ये मोरावियातील चर्च संगीताच्या संवर्धनासाठी एक संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिच्या विद्यमाने ऑर्गन विद्यालय सुरू झाले. खेड्यापाड्यांतील चर्चसाठी जाणकार ऑर्गनवादक आणि वृंदगान-संचालक तयार करणे हा त्याचा उद्देश. स्वतःची वास्तू नव्हती, निधी अपुरा होता. तरी १९१९ पर्यंत, तब्बल सदतीस वर्षे, यानाचेक यांनी हे विद्यालय चालविले. शिक्षक प्रशिक्षण संस्थेतील नोकरी आणि जुन्या ब्रनोतील माध्यमिक शाळेतील गायनाचे तास हा व्याप निराळाच. पन्नाशीपर्यंतच्या यानाचेक यांची दिनचर्या पाहिली तर त्यांनी संगीतरचना नेमकी कधी केली, असा प्रश्न पडतो.

१८८४ मध्ये झेक नाट्यगृह सुरू होताच त्यांनी 'हुदेब्नी लिस्ती' हे संगीतविषयक नियतकालिक काढले. झेक रंगभूमीवर होणाऱ्या ऑपेरांची परीक्षणे त्यात प्रसिद्ध होत. संपादक स्वतः परखड होते आणि कोणाची भीडभाड ठेवत नसत. १८८७ मध्ये कारेल कोवारझोविच या तरुण संगीतकाराच्या एका ऑपेराची त्यांनी अशीच खिल्ली उडविली. नियतकालिक पुढच्या वर्षी बंद पडले. परीक्षण मात्र कोवारझोविच यांच्या स्मरणात राहिले असावे. पुढे ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या ऑपेरा विभागाचे प्रमुख झाले आणि यानाचेक यांचे भवितव्य त्यांच्याच हाती आले.

याच काळात भाषाशास्त्रज्ञ आणि लोकगीतांचे संग्राहक फ्रान्तिशेक बार्तोश यांच्यासमवेत यानाचेक मोरावियातील खेडी पालथी घालत होते. या भटकंतीतून लोकगीतांचे संग्रह प्रसिद्ध झाले. १८९७ च्या सुमारास त्यांनी आणखी एक उद्योग आरंभला. रस्त्यात, बाजारात, रेल्वे स्थानकावर कानावर पडणाऱ्या बोलण्यातील चढउतार ते खिशातील वहीत स्वरलिपीत टिपून घेऊ लागले. भाजीवालीची हाक, मुलांचे भांडण, ओळखीच्या माणसाचा नमस्कार, काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. माणसाचे मन त्याच्या शब्दांपेक्षा शब्दांच्या सुरावटीत अधिक उघड होते, अशी त्यांची धारणा होती. या बोलीच्या सुरावटी त्यांनी जशाच्या तशा आपल्या ऑपेरांत वापरल्या नाहीत. पण त्यांतून लागलेल्या सवयीमुळे त्यांच्या पात्रांचे गाणे हे बोलण्याच्या अगदी निकट आले. ही लकब ज्या बोलीतून आली ती मोरावियाची, आणि ती ऐकण्याची जागा बहुतेक वेळा ब्रनोचा रस्ता.

'येनुफा' आणि प्रागचा नकार

गाब्रिएला प्राइसोव्हा यांच्या मोरावियातील ग्रामजीवनावरील नाटकावरून यानाचेक यांनी 'येनुफा' हा ऑपेरा लिहिला. कुमारी माता झालेली येनुफा आणि गावात नाचक्की होऊ नये म्हणून तिच्या तान्ह्या बाळाचा जीव घेणारी तिची सावत्र आई, असे त्याचे दाहक कथानक. त्या काळी ऑपेराची संहिता पद्यात बांधण्याचा प्रघात होता. यानाचेक यांनी नाटकातील गद्य संवादच स्वरबद्ध केले.

ही रचना पूर्ण व्हायला सुमारे नऊ वर्षे लागली. त्या काळात घरावर आघात झाले होते. मुलगा व्लादिमीर १८९० मध्येच दोन वर्षांचा होऊन गेला होता. एकोणीस वर्षांची ओल्गा सेंट पीटर्सबर्गला गेली असता विषमज्वराने आजारी पडली. तिला ब्रनोला परत आणण्यात आले, पण ती उठली नाही. २६ फेब्रुवारी १९०३ रोजी तिचा मृत्यू झाला. मरणोन्मुख मुलीचे अखेरचे उद्गारही या बापाने स्वरलिपीत टिपून ठेवले. वाचणाऱ्याला हे क्रूर वाटू शकते. यानाचेक यांच्याकडे दुःख धरून ठेवण्याचे दुसरे साधन नव्हते. 'येनुफा' त्यांनी ओल्गाच्या स्मृतीस अर्पण केला.

प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने १९०३ मध्ये हा ऑपेरा नाकारला. नाकारणारे अर्थातच कोवारझोविच. तेव्हा २१ जानेवारी १९०४ रोजी ब्रनोच्या त्या तात्पुरत्या नाट्यगृहातच त्याचा पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंद अपुरा होता, काही वाद्ये तर उपलब्धच नव्हती. तरीही ब्रनोच्या झेक श्रोत्यांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. मात्र ब्रनोत गाजलेल्या कलाकृतीला ब्रनोबाहेर किंमत नव्हती. पुढची बारा वर्षे राजधानीचा दरवाजा उघडला नाही. यानाचेक यांचे वय वाढत होते आणि 'मोरावियातील एक लोकगीतसंग्राहक, संगीतशिक्षक' एवढीच त्यांची बाहेरची ओळख होती.

या काळात त्यांना धरून ठेवले ते ब्रनोच्या मित्रमंडळींनी. 'क्लब ऑफ द फ्रेंड्स ऑफ आर्ट' अशा अर्थाचे नाव असलेल्या शहरातील कलाप्रेमी मंडळाने १९०८ मध्ये 'येनुफा'ची पियानोसाठीची स्वरलिपी प्रसिद्ध केली. मंडळाशी निगडित असलेले डॉ. फ्रान्तिशेक व्हेसेली आणि त्यांच्या गायिका पत्नी मारी काल्मा-व्हेसेला यांनी प्रागमधील ओळखी वापरून कोवारझोविच यांचे मन वळविण्याचा प्रयत्न चिकाटीने चालू ठेवला. अखेर कोवारझोविच राजी झाले, परंतु ऑपेराची काटछाट आणि वाद्यरचनेत फेरफार करण्याच्या अटीवर. यानाचेक यांनी ती मान्य केली. २६ मे १९१६ रोजी 'येनुफा' प्रागच्या रंगमंचावर आला तेव्हा यानाचेक बासष्टीच्या उंबरठ्यावर होते. यश निर्विवाद होते. माक्स ब्रोड यांनी केलेल्या जर्मन अनुवादामुळे १९१८ मध्ये ऑपेरा व्हिएन्नाला पोहोचला आणि तेथून जर्मन भाषक रंगभूमीवर पसरला. ज्या भाषेशी त्यांनी आयुष्यभर उभा दावा मांडला, तिच्याच पाठीवर बसून त्यांचे नाव युरोपभर गेले.

रस्त्यावर सांडलेले रक्त

ब्रनोतील भाषिक संघर्षाची एक खूण यानाचेक यांच्या संगीतात कायमची उमटली आहे. शहरात झेक विद्यापीठ असावे ही मागणी दीर्घकाळ चालू होती. १ ऑक्टोबर १९०५ रोजी तिला विरोध करण्यासाठी जर्मन भाषकांनी मेळावा बोलाविला. झेक निदर्शकही रस्त्यावर उतरले. दोन दिवसांच्या धुमश्चक्रीत लष्कराला पाचारण करण्यात आले आणि फ्रान्तिशेक पावलिक हा वीस वर्षांचा सुतारकाम करणारा तरुण 'बेसेदनी दूम' या झेक समाजाच्या सभागृहानजीक संगिनीच्या वाराने मारला गेला.

यानाचेक यांनी लगोलग पियानोसाठी एक सोनाटा लिहिला आणि '१. १०. १९०५' ही तारीखच त्याला शीर्षक म्हणून दिली. जानेवारी १९०६ मध्ये ब्रनोत लुदमिला तुच्कोव्हा या पियानोवादिकेने तो सादर केला. पण तालमीच्या वेळीच यानाचेक यांचे समाधान झाले नाही आणि तिसरा भाग, म्हणजे शवयात्रेचे संगीत, त्यांनी शेगडीत टाकले. पुढे प्रागमध्ये एका खासगी बैठकीनंतर उरलेले दोन भागही त्यांनी व्लताव्हा नदीत फेकून दिले. तुच्कोव्हा यांच्याकडे या दोन भागांची नक्कल होती. १९२४ मध्ये, यानाचेक सत्तरीचे झाले तेव्हा, त्यांनी ती बाहेर काढली म्हणून सोनाटा वाचला. तिसरा भाग गेला तो गेलाच.

पावलिकने ज्या विद्यापीठासाठी प्राण गमावले ते १९१९ मध्ये, स्वतंत्र चेकोस्लोव्हाकियात, मासारिक विद्यापीठ या नावाने स्थापन झाले. २८ जानेवारी १९२५ रोजी या विद्यापीठाने यानाचेक यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. या पदवीचा त्यांना विलक्षण अभिमान होता. त्यानंतर स्वाक्षरी करताना ते नावाआधी डॉक्टर लिहू लागले.

अखेरचे दशक

१९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि ब्रनोचे रूप पालटले. आसपासची झेक वस्तीची गावे शहरात समाविष्ट झाल्याने नगरपालिकेतील बहुमत बदलले. विजेच्या दिव्यांचे जर्मन नाट्यगृह झेक रंगभूमीकडे आले. फ्रान्तिशेक नॉयमान यांच्यासारखा खंदा संचालक तेथील ऑपेरा विभागाला लाभला. ऑर्गन विद्यालयातून १९१९ मध्ये ब्रनोचे संगीत महाविद्यालय आकाराला आले आणि यानाचेक त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्या वर्षी सरकारने ते ताब्यात घेतल्यावर त्यांच्याकडे प्रगत रचनाशास्त्राचे अध्यापन आले. हे पद प्राग संगीत महाविद्यालयाचे होते, पण यानाचेक प्रागला गेले नाहीत. वर्ग ब्रनोत भरत असे.

आता त्यांच्याकडे हवे ते सारे होते. सुसज्ज नाट्यगृह, समज असलेला संचालक, स्वतः घडविलेले श्रोते आणि विद्यार्थी. १९१७ मध्ये लुहाचोव्हित्से येथे भेटलेल्या, वयाने सदतीस-अडतीस वर्षांनी लहान असलेल्या कामिला श्टोस्लोव्हा या विवाहितेवर जडलेले एकतर्फी म्हणावे असे प्रेमही होते. तिला त्यांनी सातशेहून अधिक पत्रे लिहिली. झ्डेन्का यांच्या वाट्याला या सगळ्यातून काय आले असेल ते वेगळे सांगावयास नको.

'कात्या काबानोव्हा' १९२१ मध्ये, 'चतुर कोल्हीण' १९२४ मध्ये, 'माक्रोपुलोस प्रकरण' १९२६ मध्ये असे एकामागून एक ऑपेरा ब्रनोच्या रंगमंचावर प्रथम आले. प्राचीन स्लाव्ह भाषेतील 'ग्लागोलितिक मिस्सा' ही भव्य रचना ५ डिसेंबर १९२७ रोजी 'बेसेदा ब्रनेन्स्का' मंडळानेच, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी ज्याची घडी बसविली होती त्याच संस्थेने, प्रथम गायिली. त्यांच्या नऊ ऑपेरांपैकी केवळ 'श्री. ब्रोउचेक यांच्या सफरी' या एकाचा पहिला प्रयोग प्रागमध्ये झाला. बाकीचे सारे प्रथम ब्रनोने पाहिले.

वृत्तपत्राच्या वाचकांना यातील एक तपशील विशेष वाटावा. ब्रनोतून निघणाऱ्या 'लिदोव्हे नोविनी' या दैनिकात यानाचेक वर्षानुवर्षे स्फुटे लिहीत. प्रवास, पक्ष्यांचे आवाज, कानावर पडलेली संभाषणे असे त्यांचे विषय असत आणि मजकुरात मध्येच स्वरलिपी छापलेली असे. याच दैनिकात १९२० मध्ये रुडॉल्फ तेस्नोहलीदेक यांची एका कोल्हिणीवरची चित्रकथा क्रमशः येत होती. घरकाम करणारी मारी स्तेस्कालोव्हा ती वाचून खुदकन हसली, काय वाचतेस म्हणून मालकांनी विचारले, आणि त्यातून 'चतुर कोल्हीण' जन्माला आली.

शहराला लिहिलेले पत्र

यानाचेक यांची जगभर सर्वाधिक वाजविली जाणारी रचना म्हणजे 'सिन्फोनिएत्ता'. १९२६ च्या सोकोल या व्यायाम चळवळीच्या महोत्सवासाठी लिहिलेली ही रचना वाक्लाव तालिख यांच्या संचालनाखाली प्रागमध्ये प्रथम सादर झाली. सुरुवात आणि शेवट ट्रम्पेट व इतर पितळी वाद्यांच्या घोषाने होतो. मधल्या भागांना यानाचेक यांनी ब्रनोतील स्थळांची नावे जोडली होती. श्पिलबेर्क किल्ला, राणीचा मठ, रस्ता आणि नगरभवन.

१९२७ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला 'लिदोव्हे नोविनी'त 'माझे शहर' हे त्यांचे स्फुट प्रसिद्ध झाले. त्यात या रचनेमागचा भाव त्यांनी उलगडून सांगितला आहे. आपले बालपण गेले तो मठ, एकेकाळी कैद्यांच्या किंकाळ्यांनी भरलेला किल्ला, परके वाटणारे नगरभवन असे जुने, काळोखे ब्रनो त्यांना आठवते आणि २८ ऑक्टोबर १९१८ च्या स्वातंत्र्यानंतर तेच शहर उजळलेले दिसते. त्या उजेडात आपलाही वाटा आहे, हे त्यांना ठाऊक होते.

या उजेडाला दुसरी बाजूही आहे. यानाचेक यांनी ज्यांच्याशी वाद घातला ते जर्मन भाषक ब्रनो दुसऱ्या महायुद्धानंतर उरले नाही. १९४५ च्या मे अखेरीस तेथील जर्मन रहिवाशांना पायी हाकलून देण्यात आले आणि त्या वाटचालीत अनेकांचा मृत्यू झाला. त्याआधी नाझींनी शहरातील ज्यूंचा संहार केला होता. यानाचेक यांचा ब्रनोचाच गुणी विद्यार्थी पावेल हास १९४४ मध्ये आउश्विट्झ येथे मारला गेला. दोन भाषांचे ते शहर आज यानाचेक यांच्या संगीतात आणि पत्रव्यवहारातच भेटते.

भारताशी धागा

यानाचेक यांच्या वह्यांत एक भारतीय आवाजही आहे. जून १९२१ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर प्रागला आले होते. त्यांचे व्याख्यान यानाचेक यांनी ऐकले आणि सवयीप्रमाणे त्यांच्या बोलण्याची सुरावट टिपून घेतली. ठाकुरांची भाषा त्यांना कळत नव्हती, पण त्या आवाजाने ते भारावून गेले. 'लिदोव्हे नोविनी'त त्यांनी त्यावर लिहिले. पुढच्या वर्षी ठाकुरांच्या 'द गार्डनर' या संग्रहातील एका कवितेवर त्यांनी 'भटका वेडा' ही समूहगानरचना केली. परिसाच्या शोधात आयुष्य घालविणाऱ्या एका वेड्याची ती कथा आहे. कमरेची साखळी सोन्याची झालेली त्याला एक मुलगा दाखवितो, तेव्हा परीस केव्हा हाती आला आणि केव्हा फेकला गेला हेच त्याला आठवत नाही.

हुकवाल्डी येथे असताना थंडीचे निमित्त होऊन न्यूमोनिया झाल्याने १२ ऑगस्ट १९२८ रोजी ओस्त्रावा येथील रुग्णालयात यानाचेक यांचे निधन झाले. पार्थिव ब्रनोला आणण्यात आले. १५ ऑगस्टला नाट्यगृहात झालेल्या निरोपाच्या वेळी नॉयमान यांच्या संचालनाखाली 'चतुर कोल्हीण'मधील अखेरचा प्रवेश सादर झाला. शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्यावरील ओळी आणि स्वर 'भटका वेडा' या रचनेतील आहेत. मोरावियाच्या या अभिमानी संगीतकाराच्या चिरविश्रांतीच्या जागी एका बंगाली कवीचे शब्द कोरलेले आहेत.

आजचे ब्रनो

यानाचेक यांचा अखेरचा ऑपेरा 'मृतांच्या घरातून' त्यांच्या पश्चात, १९३० मध्ये, त्यांचे शिष्य ब्रेतिस्लाव बाकाला यांनी ब्रनोतच रंगमंचावर आणला. बाकाला हेच पुढे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रनो फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे पहिले प्रमुख संचालक झाले. १९४७ मध्ये शहरात यानाचेक संगीत व नाट्य अकादमी सुरू झाली. यानाचेक यांचे शिष्य आणि पियानोवादक लुदविक कुंदेरा तिचे प्रमुख होते. कादंबरीकार मिलान कुंदेरा हे त्यांचे पुत्र. १९६५ मध्ये यानाचेक यांच्या नावाचे भव्य ऑपेरागृह उघडले.

ब्रनोबाहेर यानाचेक यांना जगाच्या रंगमंचावर स्थिर केले ते प्रामुख्याने चार्ल्स मॅकेरास यांनी. प्रागमध्ये शिकत असताना या संगीताने झपाटलेल्या या संचालकाने १९५१ मध्ये लंडनला 'कात्या काबानोव्हा' सादर केला. पुढे, 'येनुफा' कोवारझोविच यांचे फेरफार वगळून ऐकविण्याचा आग्रहही त्यांनीच धरला. त्यामुळे ब्रनोचा 'येनुफा' आज जगाला पुन्हा मूळ रूपात ऐकता येतो.

ऑर्गन विद्यालयाच्या आवारातील बागेत यानाचेक १९१० पासून अखेरपर्यंत ज्या छोट्या घरात राहिले ते आज मोरावियन संग्रहालयाच्या देखरेखीखालील स्मारक आहे. त्यांची हस्तलिखिते, वह्या आणि पत्रे याच संग्रहालयाकडे असून या दस्तऐवजांचा समावेश २०१७ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' सूचीत झाला. त्याच वर्षी युनेस्कोने ब्रनोला 'संगीताचे शहर' म्हणून मान्यता दिली. २००४ पासून दर दोन वर्षांनी तेथे यानाचेक यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. ज्या शहरात 'येनुफा' ऐकायला येण्याची तसदी राजधानीने बारा वर्षे घेतली नाही, तेथे आता यानाचेक ऐकण्यासाठी देशोदेशीचे रसिक येतात.